चौसष्टाव्या पानापुढचे डाग

आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकात माझा एक लेख दरवर्षी ठरलेला असतो, त्या थोर कादंबरीकारावर. नाव लिहीत नाही. मुख्य दालनात ज्यांची तसबीर आहे आणि ज्यांच्या जयंतीला आम्ही हार-पेढे आणतो, ते. यंदाही संपादकांचा फोन आला, यंदाही मी हो म्हटलं. लिहायला बसले तर कादंबरीकार राहिले बाजूला आणि समोर चाचाच येऊन बसले. ते उठेपर्यंत दुसरं काही लिहिता येईल असं दिसत नाही. मी मुळात बोलणारी बाई नाही. ग्रंथपाल म्हणून सव्वीस वर्षं 'शांतता राखा' या पाटीखाली काढली आणि ती पाटी मला फार सोयीची होती. पण हे एकदा सांगायलाच हवं.

चाचा आमचे बाइंडर. नाशिकच्या भद्रकालीतल्या एका बोळात त्यांचं दुकान होतं. आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात आणि चाचा मालेगावला लेकीकडे असतात. दुकान इतकं अरुंद, की शिवलेली पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा आणि चाचा यांच्यात तिसरं कुणी शिरलं, तर त्यानं श्वास बेतानं घ्यावा. गिऱ्हाइकाला बसायला एक स्टूल होतं. त्यावर कायम पुस्तकांचा ढीग. चाचांना तुमचं बोलणं आवडलं तर ते ढीग उचलायचे. नाही आवडलं तर तुम्ही उभे.

पुस्तकाचं नाव ते आधी कधी वाचत नसत. मिटलेलं पुस्तक उजेडाकडे धरायचे आणि पानांच्या कडांवरून अंगठा फिरवायचे. वाचलेली पानं कडेला काळवंडतात, न वाचलेली पांढरी राहतात. त्या रेघेवरून चाचा निकाल द्यायचे. "इथवर वाचलं. इथं सोडलं. मग एकानं गुपचूप शेवट बघितला. चोर!" मंत्र्याच्या आत्मचरित्रात फोटोंची पानं तेवढी मळलेली असायची. "आपण कुठं दिसतो का, ते शोधतात लोक," असं त्यांचं निदान. पाककृतींच्या पुस्तकात वजन घटवायच्या पदार्थांचं प्रकरण छापखान्यातून आलं तसंच आणि पुरणपोळीचं पान तुपानं पारदर्शक झालेलं. ते पान त्यांनी मला उजेडात धरून दाखवलं होतं. "मॅडम, ह्याला म्हणतात मोठा लेखक!"

पुस्तक कुठून फिरून आलं हेही त्यांना कळायचं. पावसाळी ओलीनं फुगलेलं असलं की न उघडताच म्हणायचे, "इगतपुरी." पानांच्या बेचक्यात पिवळी गंधकाची पूड दिसली की, "पिंपळगाव. द्राक्षबागेत बसून वाचलंय, शाबास." एकदा एका प्रेमकथेत खूण म्हणून कांद्याचा पापुद्रा निघाला. चाचांनी तो दोन बोटांत अल्लद उचलला, वास घेतला. "सटाणा. आणि बघा, दोघं भेटतात त्याच पानावर ठेवलाय. आता डोळ्याला पाणी कांद्याचं की गोष्टीचं, ते मात्र मला नाय सांगता येणार."

अशा सापडलेल्या वस्तूंचा एक पत्र्याचा डबा होता. तिकिटं, औषधाच्या चिठ्ठ्या, वाळलेली पानं, एका नवरदेवाचा पासपोर्ट फोटो. "मागायला आलं तर द्यायचं," म्हणायचे. वर्षानुवर्षांत एकच माणूस आला, तो फोटोवाला. आला तेव्हा त्याला नातू होता. चाचांनी फोटो दिला आणि तोंडावर सांगितलं, "तुम्ही ते पुस्तक अर्धं सोडलं होतं. घेऊन जा, पुरं करा."

स्वतः ते वाचायचे फक्त खळ वाळेपर्यंत. मैद्याची खळ, त्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद. पुस्तकाला खळ लावून ते शिकंज्यात घातलं की हात मोकळे. तेवढा वेळ उभ्यानं, मोठ्यानं वाचन. त्यामुळे त्यांच्याकडे पुस्तकाची लांबी पानांत नसायची. "दोन खळीची कादंबरी आहे, पण चांगली आहे." मराठी सगळं वाचायचे. शाळा चौथीपर्यंत, पुढचं शिक्षण लोकांनी फाडलेल्या पुस्तकांवर, असं स्वतःच सांगायचे.

तर एकदा मी त्या थोर कादंबरीकारांच्या सगळ्यात गाजलेल्या कादंबरीच्या तिन्ही प्रती शिवायला नेल्या. चाचांनी त्या शेजारीशेजारी मांडल्या, कडांवरून अंगठा फिरवला आणि हसायलाच लागले.

"मॅडम, हे तुमचे साहेब फार मोठे ना?"

"फार मोठे."

"हॉलमध्ये तसबीर आहे ना?"

"आहे."

"मग हे बघा." त्यांनी सोळासोळा पानांचे फर्मे सुटे करून पत्त्यांसारखे लावले. "पहिले चार फर्मे खिळखिळे. धागा तुटला, कोपरे गेले, झकास. पुढचे तेवीस? करकरीत! तीन पुस्तकं, तिन्ही चौसष्टाव्या पानावर संपली. अख्खं नाशिक चौसष्टाव्या पानावर बसून साहेबांना थोर म्हणतंय!"

 चौसष्टाव्या पानावर काय होतं ते मला नेमकं ठाऊक होतं. तिथं गावातलं लग्न संपतं, नायक शहरात जातो आणि खिडकीशी बसून विचार करायला लागतो. त्या खिडकीशी मी चारदा गेले होते आणि चारही वेळा तिथंच माझे डोळे मिटले होते.

आणि मी कोण? तर त्या कादंबरीची जाणकार. नोकरीच्या पहिल्याच वर्षी जयंतीला ठरलेले वक्ते आले नाहीत. अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही दोन शब्द बोला." मी दोन-तीन प्रस्तावना वाचून अर्धा तास बोलले. लोकांना आवडलं. पुढच्या वर्षी पुन्हा. पहिल्या भाषणाबद्दल वाचनालयानं मला भेट काय दिली, तर तीच कादंबरी. ती माझ्या कपाटात होती, न उघडलेली.

चाचा काही गप्प बसणारे नव्हते. बोळात येईल त्याला ते तेवीस कोरे फर्मे दाखवायला लागले. शेवटी आमचे अध्यक्ष, निवृत्त वकील, स्वतःच माझ्याबरोबर दुकानात आले. अर्थात उभे राहिले.

"अहो, अभिजात साहित्य आहे ते," अध्यक्ष म्हणाले. "अशी पुस्तकं लोक जपून वाचतात."

"वकीलसाहेब, जपून वाचलेलं पण कळतं, न वाचलेलं पण कळतं. तुम्ही वाचलीय?"

"कॉलेजात असताना."

"कुठवर?"

अध्यक्षांना खोकला आला. चाचा माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही खरं सांगाल. तुम्ही वाचली पुरी?"

"दोनदा," मी म्हटलं.

एकदा म्हटलं असतं तरी भागलं असतं. दोनदा कुठून आलं देव जाणे. चाचा माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी स्टुलावरचा ढीग उचलला. "बसा, मॅडम. घरची प्रत असेल ना तुमची? ती आणा. दोनदा वाचलेलं पुस्तक कसं दिसतं, मला बघायचंय. ती शेवटपर्यंत वाचलेली निघाली, तर मी तुमच्या साहेबांच्या तसबिरीपुढं माफी मागीन. कसम से."

त्या रविवारी दुपारी मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ती कोरी कादंबरी उघडली आणि कामाला लागले. हळदीचं बोट. चहाच्या कपाची गोल कड. खोबरेल तेल. वरणाचा एक शिंतोडा. कोपरे दुमडले, मध्येच एक सिटी बसचं तिकीट घातलं, चारसहा ओळींखाली पेन्सिलीनं रेघा ओढल्या. कोणत्या ओळी, ते बघितलंसुद्धा नाही. मग कडांवर कालच्या धुळीचं फडकं फिरवलं. हे सगळं तीन तास चाललं होतं. तेवढ्या वेळात शंभरेक पानं वाचून झाली असती, हे मला त्याच दिवशी कळलं होतं आणि तरीही मी वाचलं नाही. लबाडीत माणूस किती मेहनती होतो!

चाचांनी ती प्रत उजेडाकडे धरली. कडेवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मग आत बघितलं. तिकीट, हळद, चहा. चष्मा काढून पुसला.

"मॅडम," ते म्हणाले, "आपण हरलो."

जयंतीला ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले. माझं भाषण झालं आणि कुणी बोलावलं नसताना चाचा उठून तसबिरीपुढं गेले. "साहेब," त्यांनी थेट तसबिरीलाच सांगितलं, "तीन पुस्तकं बघून मी तुम्हाला नावं ठेवली. चौथं बघायला पाहिजे होतं. चूक झाली. आता मी स्वतः वाचणार." टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षांनी त्यांना पेढा भरवला. मी व्यासपीठावर बसून पायाच्या अंगठ्याकडे बघत होते.

आणि चाचांनी खरंच वाचली. माझीच प्रत ठेवून घेतली. खिडकीपाशी तेही अडखळले, पण 'मॅडम दोनदा इथून गेल्या' म्हणून पुढे रेटत राहिले. त्या कादंबरीला त्यांना एकोणचाळीस खळी लागल्या. मग एक दिवस मी दुकानात शिरतेय तोच ओरडले, "मॅडम! नावाडी!"

"काय झालं?"

"काय झालं काय? नावाडी हो! पूल झाला, माणसं पुलावरून जायला लागली, तरी हा रोज सकाळी रिकामी होडी पलीकडं नेतो आणि परत आणतो. मी शिलाई टाकून बसलो. ह्या माणसाला मी नावं ठेवली!"

"हो ना," मी म्हटलं.

त्या दिवसापासून माझी शिक्षा सुरू झाली. चाचा त्या कादंबरीचे असे काही भक्त झाले, की शाळेची वह्या-पुस्तकं बांधायला आलेल्या आयांनासुद्धा नावाड्याची गोष्ट ऐकल्याशिवाय पुस्तक मिळेना. आणि मी गेले की, "मॅडम, ते पुराचं प्रकरण, काय लिहिलंय!" "हो ना." "तो मास्तर शेवटी शाळेची घंटा विकतो, तिथं तुम्हाला काय वाटलं?" "वाईटच वाटलं." एकदा तर माझी बोबडीच वळली. "त्या नावाड्याच्या बायकोचं नाव काय हो? मला आठवेना." मी घाबरून म्हटलं, "मलाही नाव नाही आठवत." चाचांनी टाळी वाजवली. "कसं आठवेल? दिलेलंच नाय! मी बघत होतो तुम्ही काय सांगता. वा! खरा वाचक असाच पकडता येतो."

हसू नका. म्हणजे हसा, मीही आता हसते. पण तेव्हा दर वेळी घरी येताना मी ठरवायची, की आज रात्रीपासून वाचायला लागू. आणि त्या खिडकीपाशी गेलं, की वाचण्याआधी लाजच वाटायची. अशी अकरा वर्षं गेली.

तीन वर्षांपूर्वी चाचांनी दुकान आवरायचं ठरवलं. वाचून कधीच परत केलेली माझी प्रत त्यांनी पुन्हा मागून घेतली, 'थोडी ढिली झालीय' म्हणून. पंधरा दिवसांनी मला बोलावलं. स्टूल आधीच रिकामं होतं. त्यांनी कापडातून पुस्तक काढलं. लाल चामड्याची बांधणी, पाठीवर कादंबरीकाराचं नाव, आणि खाली सोनेरी अक्षरांत माझं.

"आयुष्यभरात चामड्याची सहा पुस्तकं बांधली," चाचा म्हणाले. "पाच कुराणं, सहावं हे. आणि बघा, कडा कापल्या नाहीत. यंत्रात घातलं असतं तर गुळगुळीत झालं असतं, पण तुमचे डाग गेले असते. डाग राहायला पाहिजेत. ह्या डागांनी मला वाचायला लावलं."

मी पुस्तक हातात घेतलंच नाही.

"चाचा, ते डाग मी पाडले."

"मग? तुमचंच पुस्तक आहे."

"तसं नाही. मी वाचलेली नाही. एकदाही नाही. तुम्ही प्रत मागितलीत म्हणून रविवारी बसून हळद लावली, चहा लावला. चौसष्ट पानांपुढं मी कधी गेलेच नाही."

बाहेर कुणाची तरी रिक्षा अडकली होती आणि मागचा हॉर्न वाजवत होता. चाचांनी पुस्तक उघडलं. एक पान, दुसरं, तिसरं. ओठ हलत होते, जणू मोजत होते.

"इथं हळद," ते स्वतःशीच म्हणाले. "इथं चहा. लगेच तेल. लगेच वरण. पुन्हा चहा." मान वर केली. "असा माणूस नसतो, मॅडम. असं हॉटेल असतं. मला दिसलं कसं नाय?"

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. ते मात्र हसले नाहीत.

"मग त्या दिवशी मी सगळ्यांसमोर माफी कशाची मागितली?"

 त्यांनी पुस्तक कापडात गुंडाळलं, माझ्या हातात दिलं आणि स्टुलावर पुस्तकांचा ढीग परत ठेवला. "वाचून आणा. तोवर दुकानात यायचं नाय. आणि दुकान मी महिनाअखेरीला बंद करतोय."

बावीस दिवस होते. मी रजा टाकली. खिडकीपाशी झोप आली तर उठून उभी राहिले, चाचांसारखी मोठ्यानं वाचायला लागले. माझ्याच हळदीतून वाट काढत पूर आला, पूल आला, नावाडी आला. नावाड्याचं प्रकरण खरंच अप्रतिम आहे. इतकं, की ते संपल्यावर मी खिडकीत जाऊन उभी राहिले. पण बाकी? मी वाचत गेले आणि मला राग येत गेला. आधी बारीक, मग चांगला सणसणीत. इतक्या वर्षांच्या भाषणांत मी ज्यांना 'मानवी मनाचे तळ गाठणारे' म्हणत आले, त्यांच्याबद्दल मला स्वतःचं असं काहीतरी वाटत होतं आणि ते भलतंच निघालं.

शेवटच्या आठवड्यात मी दुकानात गेले. शिकंजा विकला गेला होता, जमिनीवर त्याच्या चार पायांच्या खुणा होत्या. चाचा डबे भरत होते.

"वाचली?"

"वाचली."

"कशी वाटली?"

वाटेत मी हजारदा ठरवलं होतं की 'महान आहे' म्हणायचं. तेवढं म्हटलं की सगळं मिटणार होतं. या माणसानं अकरा वर्षं त्या कादंबरीवर जीव लावला होता, ती मी त्याच्या गळ्यात मारली होती, आणि आता तो गाव सोडून चालला होता.

"नाही आवडली, चाचा," मी म्हटलं.

"काय?"

"नावाडी सोडून. नावाडी थोर आहे. पण साहेब तुम्ही म्हणता तेवढे थोर नाहीत. चार बायका आहेत त्या कादंबरीत. नायकाला काही नवा विचार सुचायची वेळ आली की एक मरते. पुरात एक, तापात एक, एक विहिरीत. आणि चौथी जिवंत राहते ती निव्वळ गप्प बसते म्हणून. तीनशे पानं पुरुष बोलतायत, चाचा! नावाड्याच्या बायकोला नाव द्यायला यांचं काय जात होतं?"

चाचांच्या हातातला डबा खाली आला. चेहरा लाल झाला. "अहो, तेच तर! नाव नाय म्हणून तर ती लक्षात राहते!"

"तुमच्या लक्षात राहिली नव्हती. तुम्हीच मला विचारलं होतं."

"मी परीक्षा घेत होतो!"

"मग मी नापास झाले होते आणि तुम्ही टाळी वाजवलीत!"

"आणि ताप? तापानं त्या काळात माणसं मरायची, मॅडम!"

"पुरुष का नाही मरत तापानं? मास्तराला साधं पडसं होत नाही साऱ्या पुस्तकात!"

"मास्तराला काय बोलायचं नाय हां!" चाचा आता खरंच ओरडत होते. शेजारचा अत्तरवाला डोकावून गेला. "तो घंटा विकतो ना, तिथं त्याचं सगळं सोनं होतं!"

"घंटा विकेपर्यंत दीडशे पानं बोलतो. मुलं झोपली असतील वर्गात."

हे ऐकून चाचा थांबले. त्यांनी दोन्ही हात सदऱ्याला पुसले आणि माझ्याकडे असं बघायला लागले, जसं मिटलेल्या पुस्तकाकडे बघायचे.

"अकरा वर्षं," ते म्हणाले. "मी बडबडायचो, तुम्ही 'हो ना, हो ना' करायच्या. मला वाटायचं, मी अडाणी माणूस, बाईंना माझ्या बोलण्याचा कंटाळा येतो, पण चांगल्या घरच्या आहेत म्हणून ऐकून घेतात. घरी बायकोला पण सांगायचो, मॅडमशी आता कमी बोललं पाहिजे."

मी सवयीनं स्टूल कुठं दिसतंय का बघितलं.

स्टूल बांधून ठेवलेल्या सामानात गेलं होतं. चाचांनी एक रिकामं खोकं उलटं केलं, वर रद्दी पसरली आणि पायानं माझ्याकडे सरकवलं.

"बसा," ते म्हणाले. "टेम्पो साडेपाचला येणार. दीडशे नाय, एकशे वीस पानं बोलतो मास्तर. त्यातलं कोणतं पान कापायचं म्हणता, ते आधी सांगा."